गुडघ्याचं ऑपरेशन अडलं ते एका चूर्णापायी

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे गेली ती एका हर्बल चूर्णामुळे. त्यात काय घातलंय, हे विकणारा सांगेना. आता ऑपरेशन होऊन आई घरातल्या घरात काठीशिवाय फिरते, तरी त्या माणसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

एक्स-रे, इको, रक्ततपासण्या मिरजेत पटापट झाल्या. मग भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "आजी, चूर्ण, काढा, कॅप्सूल असलं आणखी काही घेता?" आई म्हणाली, "ते औषध नव्हे हो, आयुर्वेदिक आहे." मॅडमनी घरातले सगळे डबे मागवले.

दोन डब्यांचा निकाल लगेच लागला. एक शल्लकीच्या गोळ्या, म्हणजे सालई गुग्गुळ. त्यानं दुखणं जरा हलकं होतं असं आई म्हणायची आणि मॅडमनी ते खोडून काढलं नाही. झिजलेली कूर्चा मात्र त्यानं भरून येत नाही, एवढं सांगितलं. दुसरी मिरी घातलेली करक्युमिनची कॅप्सूल. आईला स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. करक्युमिननंही रक्तस्राव वाढू शकतो आणि मिरीतलं पायपरीन इतर काही औषधांचं शोषण वाढवतं. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी शल्लकी आणि करक्युमिन दोन्ही बंद. (भाजी-आमटीतल्या हळदीची काळजी नको. हळदीत करक्युमिन जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास असतं.)

तिसरा डबा आत्यानं आणून दिलेल्या चूर्णाचा. वर गुडघ्याचं चित्र, 'शंभर टक्के हर्बल' आणि 'पेटंट फॉर्म्युला'. घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही. आईला यानं दोन दिवसांत आराम पडला होता. मॅडम तिथंच थबकल्या. "वनस्पतीनं एवढ्या झटकन सूज उतरत नाही. यात स्टेरॉइड असेल तर भूल देताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. आणि हे अचानक बंदही करू नका, आधी फिजिशियनला दाखवा."

मी विकणाऱ्याला फोन केला. "साइड इफेक्ट शून्य, बिनधास्त घ्या." घटक विचारले तर, "आमचं घराण्यातलं गुपित आहे." पुन्हा केला तर "मालक बाहेरगावी गेलेत". समोर जाऊन उभा राहिलो तर म्हणे, डॉक्टर लोक आयुर्वेदाला बदनाम करतात. माझी आई ऑपरेशनची वाट बघत रात्र रात्र पाय चोळत बसली होती आणि हा मला आयुर्वेदाचा अभिमान शिकवत होता! आमच्या ओळखीच्या वैद्यांना डबा दाखवला तर तेही संतापले. आयुर्वेदिक औषध 'पेटंट-प्रोप्रायटरी' असलं तरी त्यातले घटक लपवता येत नाहीत. औषध नियमांतल्या नियम 161 प्रमाणे वेष्टनावर सगळ्या घटकांची खरी यादी द्यावीच लागते. हे त्यांच्याकडून कळल्यावर मी विकणाऱ्याला अन्न व औषध प्रशासनाचं नाव घेतलं. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर यादी आली: गुग्गुळ, अश्वगंधा, निर्गुंडी, सुंठ, रास्ना. सगळं निर्धोक दिसणारं.

फिजिशियननी त्या यादीवर भरवसा ठेवला नाही, सकाळी आठची कॉर्टिसॉल (शरीर स्वतः तयार करतं ते स्टेरॉइड) तपासणी केली. ती कमी आली. बाहेरून स्टेरॉइड पोटात जात राहिलं की शरीर आपलं तयार करणं कमी करतं, तशातलं हे. मग मोजून-मापून स्टेरॉइडची गोळी सुरू केली, चूर्ण बंद केलं, तारीख पुढे ढकलली, ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं संरक्षण दिलं. मॅडमनी विचारलंच नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

नाव 'शल्लकी' असलं तरी डबा नीट बघा. काहींवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना असतो, काहींवर एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक, म्हणजे ते अन्नपूरक. दोन्ही नसेल तर घेऊ नका. अश्वगंधा असेल आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि बिल घ्याच. आमच्याकडे ते नव्हतं. तक्रार मी तरीही लेखी दिली आहे, उरलेलं चूर्ण डब्यासकट जपून ठेवलंय. अशा औषधाचा त्रास झाला तर 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतं.