बीजिंगचं ७९८: सोमवार सोडून कधीही जा

७९८ या कलादालनांच्या परिसरात आम्ही नेमके सोमवारी गेलो. बहुतेक दालनांना कुलूप, उघडी फक्त कॉफीची दुकानं. चूक आमचीच. पण गर्दी नसल्याने इमारती निवांत बघता आल्या. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने बांधलेला हा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा कारखाना. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, उत्तरेकडून येणारा उजेड. गिरणगाव पाहिलेल्याला हे छप्पर लगेच ओळखू येतं. आपल्याकडे त्याजागी मॉल आले, इथे शिल्पकार शिरले. (दुकानांची संख्या बघता मॉलही फार लांब नसावा.)

एका दालनात मान वर करून बघा: कमानींवर ‘चेअरमन माओ चिरायू होवोत’ ही लाल अक्षरं मुद्दाम राखली आहेत. बाहेर शिल्पकार स्वी ज्येनक्वो यांचे लालभडक डायनासोर पिंजऱ्यात, अंगावर ‘मेड इन चायना’. सगळे तिथेच फोटो काढतात, आम्हीही काढला.

मला मात्र आठवत होतं ते आता तिथे नसलेलं काम. चिनी कलाकार सोंग डोंग यांनी २००५ मध्ये इथल्याच एका गॅलरीत आईचं अख्खं घर मांडलं होतं. वडील २००२ मध्ये गेले, आई दुःखात बुडाली आणि काहीच टाकेना. मग तिनेच साठवलेल्या दहा हजारांवर वस्तू मायलेकांनी मिळून लावल्या: टूथपेस्टच्या पिळून संपलेल्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, टंचाईच्या धास्तीने जपलेला साबण. श्रीखंडाचे रिकामे डबे जपणाऱ्या घरात वाढलेल्यांना यावर वेगळं भाष्य नको.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने जवळच्या त्साओछांगदीला गेलो. तिथलं ‘थ्री शॅडोज’ हे फोटोग्राफीचं केंद्र छायाचित्रकार रोंग रोंग आणि त्यांची जपानी पत्नी इन्री यांनी २००७ मध्ये सुरू केलं. करड्या विटांच्या इमारतीचा आराखडा कलाकार आय वेवे यांचा. १९९४ मध्ये परफॉर्मन्स कलाकार झांग ह्वान अंगाला मध आणि माशाचं तेल फासून बीजिंगच्या ‘ईस्ट व्हिलेज’ या कलाकारांच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासात माश्यांमध्ये बसले, तेव्हा कॅमेरा रोंग रोंग यांच्याकडे होता. ती वस्ती कधीच पाडली; उरले ते फोटो. आम्ही गेलो तेव्हा प्रदर्शन दुसऱ्याचंच होतं, तरी वेळ वाया गेला नाही.

मेट्रोने १४ नंबरच्या लाइनवर वांगजिंग साउथला उतरा, पुढे चालत. गूगल मॅप्स चालत नाही, चिनी नकाशाचं ॲप आधीच घ्या. पैसे देण्याच्या अलीपे ॲपला कार्ड भारतातूनच जोडून ठेवा. आमचं तिथे जोडताना अडकलं आणि कॉफी सोबतच्या मित्राच्या खात्यावर गेली. पासपोर्ट जवळ असू द्या. त्साओछांगदीच्या गल्लीत परतीची टॅक्सी सहज मिळत नाही, म्हणून आत शिरण्याआधी चिनी लिपीतला पत्ता फोनमध्ये साठवून घ्या.