वरच्या घराची वही

आमच्याकडे 'वरचं घर' म्हटलं की कुणी पत्ता विचारत नाही. दोन खोल्यांचं लाकडी केबिन, झाडीत, गाडीरस्ता संपल्यावर पाऊण तास चढून गेलं की येतं. वीज नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते त्यांच्या वडिलांच्या हाताखाली उभं केलं. मी अप्पांच्या हाताखाली डागडुजी शिकलो. आता माझा १४ वर्षांचा लेक माझ्या हाताखाली शिकतोय, असं लिहिणार होतो, पण तो कुणाच्या हाताखाली राहणाऱ्यांतला नाही.

तिथं पोचल्यावर पहिलं काम कुलूप काढायचं नाही. आधी दारावर तीनदा ठोकायचं आणि थांबायचं. लहानपणी मला खात्री होती की आत कुणीतरी राहतं आणि अप्पा त्याची परवानगी घेतात. धीर करून एकदा विचारलं, तर म्हणाले, "उंदरांना निघून जायला वेळ द्यावा." एवढंच. या वर्षी लेकाला हेच सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, ते दार उघडल्यावरही पळतातच की." मुद्दा बिनतोड होता. तरी ठोकलं त्यानंच, आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबला.

दुसरी गोष्ट वही. खिडकीशेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली. त्यात मौजमजा, कविता, सूर्यास्त असलं काही नाही. काय मोडलं, काय केलं, काय राहिलं, आणि तारीख. चूक कुणाची हे लिहायचं नाही, हा अप्पांचा दंडक. "शेगडीची झडप अडकते. आधी उजवीकडे दाबावी, मग ओढावी." "मागच्या खिडकीची खालची बिजागरी बदलली." अक्षर टपोरं, वाक्य जेमतेम.

माझ्याबद्दलची नोंदही त्यात आहे. मी १७ वर्षांचा असताना थंडीआधी घर बंद करायचं काम पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं होतं. झऱ्यावरून येणारी नळी वरून बंद केली, तोटी उघडून पाणी जाऊ दिलं, खूश होऊन खाली आलो. मोरीच्या मागे नळी खाली वाकून पुन्हा वर चढते, तिथलं पाणी मात्र काढलंच नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलो होतो आणि पेपरात बरोबर लिहिलंही होतं. उघडीप झाल्यावर वर गेलो तेव्हा धातूची ती नळी बोटभर उभी चिरलेली होती. अप्पा काही बोलले नाहीत. वहीत लिहिलं, "वळणातलं पाणी राहिलं होतं. नळी चिरली. नवी जोडली." कर्ता नसलेली ही तीन वाक्यं मी इतकी वर्षं दर खेपेला वाचतो. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता सरपणाचं. लाकूड रचायचं ते जमिनीवर नाही, खाली दोन आडवे वासे टाकून. "माथा झाका, कुशी उघड्या ठेवा," असं अप्पा म्हणतात. ताडपत्री फक्त वरून, बाजूंनी वारा खेळला पाहिजे. ओलं लाकूड जाळलं की बरीच आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, आणि तो थंडगार धूर धुराड्यात डांबरासारखा थर धरतो. पुढे कधीतरी तो थरच पेटतो. म्हणून जाळण्याआधी परीक्षा: दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे. टणक, मोकळा आवाज आला तर वाळलंय, थप्प वाजलं तर परत रचायचं. माझा कान यात तयार आहे असं मी समजत होतो.

लेकानं या वेळी ओलावा मोजायचं यंत्र आणलं. मुठीत मावणारं, पुढे दोन टाचण्या. लाकूड २० टक्क्यांच्या आत हवं, हे त्यानं आधीच वाचून ठेवलेलं. मी दोन ओंडके आपटले, टण्ण वाजले, विजयी मुद्रेनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं टाचण्या टोचल्या. १७. मी म्हटलं, "बघ." त्यानं काही न बोलता कुऱ्हाड घेतली, तो ओंडका उभा फोडला, आणि आतल्या ताज्या बाजूला टाचण्या लावल्या. २७.

माझा चेहरा बहुधा पडला असावा, कारण तो म्हणाला, "अरे, बाहेरून आधी वाळतं ना, म्हणून." मी अप्पांना आजन्म 'अहो' म्हटलं. हा मला 'अरे' म्हणून धीर देतो. असो.

अप्पांचे गुडघे आता चढ मानत नाहीत. पण आम्ही वर असलो की संध्याकाळी फोन ठरलेला. घरामागच्या खडकावर उभं राहिलं तरच रेंज येते. लेकानं आजोबांना सगळं रंगवून सांगितलं, १७ आणि २७ दोन्ही. मला वाटलं, अप्पा यंत्राला नावं ठेवतील.

"फोडून मोजलंस ना? बरोबर," ते म्हणाले. मग मला फोन द्यायला सांगितला. "तू नुसतंच आपटतोस की काय? गालाला लावत नाहीस?"

"गालाला?"

"एक फोडायचं आणि आतली बाजू गालाला लावायची. ओलं असेल तर गार लागतं. तुझ्यासमोर किती वेळा केलंय मी."

केलं होतं. ते मला आठवतंय, हीच तर पंचाईत. कुऱ्हाड ठेवायची, फोडलेली फाक उचलायची, तोंडाजवळ न्यायची. मला वाटायचं वास घेतायत. नाहीतर घाम पुसतायत. ठोकण्याचा आवाज मोठा, म्हणून मी तेवढाच उचलला. विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि गेली कितीतरी वर्षं मी अर्धीच परीक्षा घेऊन धुराडं दर खेपेला इतकं काळं कसं होतं म्हणून नवल करत बसलो.

खडकावरून उतरलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. लेक आधीच पुढे गेलेला. ओट्यावर बसून त्यानं ती मघाची फाक गालाला लावली होती, डोळे मिटून.

"गार आहे," तो म्हणाला, आणि वही काढायला आत गेला.