मेम्ब्रेन प्रोटीनच्या संशोधन पदासाठीची मुलाखत: माझा अनुभव

मेम्ब्रेन प्रोटीनची रचना शोधणाऱ्या एका गटात पोस्टडॉक म्हणून नुकतीच माझी निवड झाली. जाहिरातीत 'क्रायो-ईएमचा अनुभव असल्यास प्राधान्य' असं होतं. क्रायो-ईएम म्हणजे नमुना झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहण्याचं तंत्र. माझी पीएचडी एका ट्रान्सपोर्टरवर, म्हणजे पेशीपटलातून पदार्थ आरपार नेणाऱ्या प्रोटीनवर. त्यातला बहुतेक काळ प्रोटीन शुद्ध करण्यात गेला, सूक्ष्मदर्शकावर हात बेताचाच बसलेला. अर्जात मी शुद्धीकरणालाच सगळ्यात जास्त जागा दिली आणि ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं.

कारण साधं आहे. पेशीपटलाच्या स्निग्ध थरात वसलेलं प्रोटीन डिटर्जंटने (साबणासारख्या रेणूंनी) बाहेर काढलं की त्याचा आधार सुटतो. तिथे ते टिकलं नाही, तर पुढे कितीही भारी सूक्ष्मदर्शक असला तरी उपयोग नाही. 1985 मध्ये प्रकाशसंश्लेषणाचं अभिक्रिया केंद्र या मेम्ब्रेन प्रोटीनची रचना प्रसिद्ध झाली आणि 1988 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला मिळालं. त्यामागे हार्टमुट मिशेल यांनी चिकाटीने मिळवलेले स्फटिक होते; अशी रचना पाहायला तेव्हा प्रोटीनचे स्फटिक लागायचे. 2013 मध्ये टीआरपीव्ही1 ही आयन वाहिनी (पटलातून आयन जाऊ देणारं प्रोटीन) क्रायो-ईएमने 3.4 अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे जवळपास अणूंच्या मापाच्या बारकाव्याने दिसली, तेव्हा स्फटिकाची अट सुटली. पण तिथेही डिटर्जंट काढून अँफिपॉलमध्ये (डिटर्जंटची जागा घेणाऱ्या पॉलिमरमध्ये) प्रोटीन स्थिर करावं लागलंच होतं.

सादरीकरण सुरळीत झालं. खरा कस लागला तो नंतरच्या चर्चेत. पडद्यावर साइझ एक्सक्लूजन कॉलमचा (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीचा) आलेख लावला: सुरुवातीलाच व्हॉइडमध्ये (जिथे सगळ्यात मोठे कण, म्हणजे प्रोटीनच्या गुठळ्या, आधी बाहेर पडतात) एक उंच शिखर, मागून एक बुटकं. "पुढे काय कराल?" एवढाच प्रश्न.

मी म्हटलं, आधी बुटक्या शिखरातला नमुना गोळा करून तोच पुन्हा कॉलममधून सोडेन. परत व्हॉइडमध्ये शिखर आलं तर प्रोटीन या डिटर्जंटमध्ये टिकतच नाही; मग डीडीएम या डिटर्जंटऐवजी एलएमएनजी हे दुसरं, सोबत कोलेस्टेरॉलसारखं कोलेस्टेरिल हेमिसक्सिनेट, नाहीतर सरळ नॅनोडिस्क (पटलाची छोटी चकती). ते जागेवर राहिलं तर गुठळ्या आधीच, पटलातून काढताना किंवा नमुना दाट करताना झाल्या असणार. त्यावर लगेच उपप्रश्न आला: दाट करताना डिटर्जंटचं काय होतं? प्रोटीनबरोबर रिकामे मायसेलही (डिटर्जंटच्या रेणूंचे पुंजकेही) गाळणीत अडकून साठत जातात, आणि ग्रिडवर (सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या जाळीवर) तेच पार्श्वभूमी गढूळ करतात. इथे चर्चा अशी रंगली की मुलाखत आहे हेच विसरायला झालं.

शेवटी मलाही विचारायचं होतं. सूक्ष्मदर्शकाचा वेळ कोण वाटतं? प्रोटीन स्थिर झालंच नाही तर प्रकल्प किती काळ चालवायचा? हे प्रश्न प्रत्येकाने विचारायलाच हवेत, कारण या क्षेत्रात रचना न मिळता वर्षं निघून जातात. गटप्रमुखांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की एकाच प्रोटीनवर कुणाला अडकवून ठेवत नाही, सोबत दुसरा प्रकल्प देतो. त्या उत्तरावर मी होकार द्यायचं ठरवलं.

कामाची सुरुवात एकाच प्रोटीनच्या वेगवेगळ्या प्रजातींमधल्या रूपांपासून आहे. प्रत्येकाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन जोडायचं, आणि शुद्ध करण्याआधीच, त्या हिरव्या चमकेवरून, कॉलममध्ये कुठलं एकसंध राहतं ते पाहायचं.