परूश्यांची वाक्ये

लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाच्या, चौथ्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय (येशू एका जन्मांधाला दृष्टी देतो आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, त्या माणसाची उलटतपासणी करतात, तो) वाक्ये वाटून घेऊन वाचायचा, असे पाळकसाहेबांनी ठरवले आणि माझ्याकडे परूश्यांची वाक्ये आली, तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नव्हते. वाटले ते उपासनेनंतर आत्याबाई माझा हात धरून, "तुझ्या आवाजाला ते अगदी शोभलं हं," असे म्हणाल्या तेव्हा. त्यांच्या मनात काही नव्हते. असते तर बरे झाले असते. निदान रागावता तरी आले असते.

जन्मांधाची वाक्ये मंडळीतल्या एका मुलाला दिली होती. योएलाचे पुस्तक जुन्या करारात की नव्यात, हे तो अजून शेजारच्याला विचारतो. मी मात्र या मंडळीत लहानाची मोठी झाले, संडेस्कूलमध्ये शिकवले, उपास केले, दशमांश कधी चुकवला नाही, आणि इतके सगळे करून आवाज शोभला तो परूश्यांना! आईला हे सांगावेसे वाटले होते, पण ते राहू दे.

रात्री तो अध्याय पुन्हा काढला, खरे तर परूश्यांची बाजू शोधायलाच. ती सापडलीही. ते मूर्ख नव्हते. येशूने त्याच्या डोळ्यांना लावायला थुंकीने माती कालवली ती शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि त्या दिवशी वर्ज्य म्हणून पुढे मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात ज्या 39 कामांची नोंद झाली त्यांत मळणे आहेच. म्हणजे त्यांचा आक्षेप अभ्यासातून आलेला होता. नेमके तेच मला टोचले, कारण जो तो प्रश्न त्यांनी आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या उत्तराच्या आधारावर विचारला आहे. दृष्टी मिळालेला तो मनुष्य मात्र "मला ठाऊक नाही" असे सहज म्हणून जातो, आणि तरीही आधी "येशू नावाचा मनुष्य", मग "संदेष्टा", आणि शेवटी "प्रभू" असे म्हणण्यापर्यंत तोच पोहोचतो. सभास्थानातून बहिष्कृत होऊ ही त्याच्या आईबापांची भीती मला या वेळी जास्त समजली, पण तो विषय वेगळा.

चौतिसाव्या वचनात ते त्याला म्हणतात, तू पापात जन्मलेला आणि आम्हाला शिकवतोस काय? हे वाक्य वाचताना माझा आवाज चढला होता, आणि तालमीच्या वेळी पाळकसाहेबांनी तसे सांगितलेले नव्हते. योएलाबद्दल मी वर जे लिहिले आहे तेही त्याच आवाजातले आहे; खोडणार होते, पण राहू देते.

त्यानंतर एक भलताच मोह झाला: पुढच्या प्रार्थनासभेत उभे राहून, मीच ती परूशी, असे सर्वांसमोर कबूल करावे. वाक्य जुळवायला घेतले, तर ते संपायच्या आतच "किती नम्र आहे ही!" अशी कुजबुज मला ऐकू येऊ लागली, आणि ती चक्क आवडली. मग येशूच्या दाखल्यात मंदिरात दूर उभा राहून क्षमा मागणाऱ्या जकातदारासारखे मागे, दूर उभे राहावे असे वाटले. पण मागच्या बाकावरून आपण सर्वांना दिसणार नाही, हा विचारही लगेच आलाच. हसू आले. तूर्त काहीच बोलायचे नाही असे ठरवले आहे, आणि माझा हा निर्णय मला फारच समंजस वाटतो आहे.