वसईचा गोन्सालो आणि पाय ठेवणारी माणसं

सुकेळी, म्हणजे आमच्या वसईची सुकवलेली केळी, बॅगेतून काढायला लावली म्हणून पप्पा मुंबईच्या विमानतळापासून फुकुओकापर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपल्या गावच्या माणसाला भेटायला चाललोय, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? तो माणूस जाऊन सव्वाचारशे वर्षं झालीत, हे त्यांच्या हिशोबात नव्हतं.

तो माणूस म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, आणि आम्ही लहानपणापासून फेब्रुवारीत त्याचा सण करत आलोय. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. १५५७च्या सुमारास वसईत जन्म. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेज्विट पाद्र्यांकडे शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा तोंडात अगदी मुरवली. मग व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर, म्हणजे व्रतस्थ बंधू झाला. १५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरची माणसं जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेली, तेव्हा त्यांचा दुभाषा हाच. पप्पांचा सगळ्यात आवडता भाग हा. "मोठमोठे सगळे गप्प," ते सांगतात, "आणि बोलणारा आपला."

फुकुओकाहून नागासाकीला जाताना मधे एकदा गाडी बदलावी लागते. दुसरी गाडी शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नाव कामोमे, म्हणजे कुरव. बोगदेच इतके, की समुद्र दिसला म्हणेपर्यंत पुन्हा अंधार. पप्पांनी स्टेशनवर घेतलेला ब्रेड खाल्ला. ब्रेडला जपानीत 'पान' म्हणतात. त्यांचा पान आणि आपला पाव, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेले. हे सांगितल्यावर त्यांचा रुसवा थोडा उतरला.

गोन्सालोला जिथे मारलं ती निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर आहे. चढ छोटा, पण गुडघ्यांना कळतो. वर मोकळी जागा, आणि समोर काशाची सव्वीस माणसं एका रांगेत, गोन्सालो आणि त्याच्याबरोबर मारलेले. शिल्पकार फुनाकोशी यासुताके. १८६२मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळालं, त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६२ साली हे उभं केलं. क्रूस कुठेच दिसत नाहीत. हात जोडलेले, आणि पायांचे चवडे खाली लोंबणारे. जमिनीला कोणाचाच पाय टेकलेला नाही. रांगेत तीन आकृत्या ठेंगण्या आहेत, ती पोरं. सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा.

गोन्सालो कुठला, ते आम्हाला ओळखता येईना. शेवटी म्युझियमच्या काउंटरवरच्या बाईंना मी "गोन्सालो, इंडिया" एवढंच म्हटलं. त्या उठून उन्हात आल्या, बोट दाखवलं, कमरेत वाकल्या आणि परत गेल्या. पप्पा त्याच्यासमोर टोपी काढून उभे राहिले. फोटो नको म्हणाले.

घडलं ते असं. १५९६मध्ये 'सान फेलिपे' नावाचं मनिलाचं स्पॅनिश गलबत जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं, माल जप्त झाला, आणि भांडणात स्पॅनिश राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य, असा संशय पक्का झाला. ख्रिस्त्यांना पकडून मारायचा हिदेयोशीचा हुकूम सुटला. क्योतोत कैद्यांच्या कानाचे तुकडे कापले, आणि भर हिवाळ्यात सुमारे आठशे किलोमीटर चालवत इथवर आणलं. चोवीस जण निघाले होते, वाटेत दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सगळ्यांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. सव्वीसांतले वीस जपानी होते.

एक गोष्ट मात्र मला गिळता येत नाही, आणि ती इथे लिहायलाच हवी. हिदेयोशीचा संशय अगदीच हवेतला नव्हता. मनिलात स्पॅनिश होते ते काय देवळं बघायला आलेले नव्हते. आणि इकडे गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलेलं होतं. म्हणजे जपानात ज्या धर्माची माणसं क्रूसावर चढत होती, त्याच धर्माच्या हातात गोव्यात तुरुंगाच्या किल्ल्या होत्या. आमच्या सणाच्या प्रवचनात हे येत नाही.

हुतात्म्यांच्या गोष्टींवर मी वाढले, म्हणून मला वाटायचं की श्रद्धा टिकली ती अशा माणसांमुळे. म्युझियममधल्या पांढऱ्या चिनीमातीच्या बाईसमोर हा समज हलला. दिसायला ती बौद्धांची कान्नोन, करुणेची देवता. पण कोणा घरात तिच्यासमोर मरियेची प्रार्थना चालायची. आज तिला मारिया कान्नोन म्हणतात.

१६१४मध्ये, हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावांनी देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १६४४मध्ये शेवटचा पाद्रीही मारला गेला. नागासाकीत दर वर्षी गावकऱ्यांना ओळीनं उभं करून येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. त्या प्रतिमेला फुमिए म्हणत. जो कचरेल तो ख्रिस्ती. १८५०च्या दशकापर्यंत, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं हे चाललं.

आणि ते लोक पाय ठेवत. ठेवत, घरी येत, आणि दार लावून 'कोंचिरिसान' म्हणत. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, पश्चात्तापाच्या प्रार्थनेचा. पापनिवेदन ऐकायला पाद्री नव्हता, म्हणून मनापासूनचा पश्चात्तापच पुरेसा धरायचा. पुढच्या वर्षी पुन्हा पाय, पुन्हा कोंचिरिसान. प्रत्येक गटात बाप्तिस्मा देणारा एक जण असे आणि सणांचं कॅलेंडर सांभाळणारा एक. लॅटिन-पोर्तुगीज प्रार्थना तोंडपाठ करून पुढच्या पिढीला द्यायच्या, अर्थ कळो न कळो.

"मी असतो तर पाय ठेवला असता," पप्पा एकदम म्हणाले. "तुम्ही दोघी लहान होता."

मी काही बोलले नाही. माझ्या डोक्यातही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी ओउरा चर्च. ट्राममधून उतरून चढावर, दोन्ही बाजूंना कास्तेरा केकची दुकानं, त्यामुळे वर पोचायला पप्पांना अर्धा तास लागला. तिकीट एक हजार येन, आत फोटो काढू देत नाहीत. परदेशी व्यापाऱ्यांसाठी फ्रेंच मिशनरींनी बांधलेलं हे चर्च सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेलं आहे. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावची, लपून धर्म पाळणारी पंधराएक माणसं इथे आली. त्यांतली एक बाई फादर पेतीजाँ यांच्या कानाशी म्हणाली, आमचं हृदय आणि तुमचं हृदय एकच आहे. आणि मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? ती मूर्ती अजून आहे, उजव्या हाताला, बाळ घेतलेली.

पण मी अडकले ती त्यांच्या पुढच्या बोलण्यापाशी. आज दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस, असं त्यांनी फादरना सांगितलं. मी बाकावर बसून बोटं मोजली. दुःखाचा काळ म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस. सव्वादोनशेच्या आसपास वर्षं पाद्री नाही, रोमचा कागद नाही, आणि एका दिवसाचीही चूक नाही. आमच्याकडे पॅरिशचं कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं असतं, तरी शुक्रवारी मासळी की मटण यावर वाद होतात.

बंदी तेव्हाही उठली नव्हती. उघडे पडल्यावर उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांना घरांतून उठवून देशभर पांगवलं. त्यांतले ६००हून जास्त परतले नाहीत. त्या हद्दपारीला ते लोक 'ताबी' म्हणत. ताबी म्हणजे प्रवास. प्रवासवर्णन लिहायला बसले की आता हा शब्द आडवा येतो. १८७३मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या. परत आलेल्यांनी गावात कॅथेड्रल बांधलं, तेही जिथे फुमिए तुडवायला लावत त्या मुखियाच्या जागेवर. ९ ऑगस्ट १९४५ला अणुबॉम्ब त्याच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर फुटला. बाराएक हजारांच्या पॅरिशमधले साडेआठ हजार गेले. नव्या इमारतीसमोर काळवंडलेले, मुंडकी उडालेले दगडी संत उभे आहेत. तिथे आम्ही फार थांबलो नाही. थांबवेना.

शेवटच्या दिवशी सोतोमे. शहरापासून दूर, समुद्राच्या कडेची खेडी, बसनं खूप वळणं. कुरोसाकीला उतरून झाडीतून चढलं की कारेमात्सुचं शिंतो, म्हणजे जपानच्या जुन्या देशी धर्माच्या धाटणीचं देऊळ लागतं, आणि आत पुजलेला आहे सान जिवान नावाचा पाद्री. त्याचा शिष्य बास्तियान यानं कॅलेंडर मागे ठेवलं, आणि सात पिढ्यांनी काळ्या मोठ्या जहाजातून पाद्री येतील असं सांगितलं, अशी इथली आठवण. बंदी उठल्यावर काही कुटुंबं कॅथलिक चर्चमध्ये गेली. काहींनी मात्र, आजोबांनी शिकवलं तेच खरं, म्हणून जुनीच रीत धरून ठेवली. २०००पासून कॅथलिक, बौद्ध आणि ही जुन्या रीतीची माणसं इथे वर्षातून एकदा एकत्र प्रार्थना करतात.

देवळाच्या वाटेवर एक मोठा खडक आहे. उपवासकाळात रात्री त्याच्या आडोशाला जमून हळू आवाजात प्रार्थना म्हणत. पप्पा तिथे टेकले. खिशातून जपमाळ काढली आणि ओठांतल्या ओठांत 'नमो मरिये' सुरू केलं. घरी ते एवढ्या मोठ्यानं म्हणतात, की शेजारी ऐकून आपापली जपमाळ पुरी करतात. इथे आवाजच नव्हता. मी घड्याळ बघितलं, पण जपमाळेची पाचही रहस्यं होईपर्यंत त्यांना उठवलं नाही.

खाली आलो तोवर बस गेलेली. पुढची दीड तासानं. थांब्याच्या बाकड्यावर वारा बोचत होता, आणि आसपास दुकान म्हणून एकही नाही.

"आता सुकेळी असती," पप्पा म्हणाले.