तिची पाच मिनिटं

आज भाचीचं पहिलं ओपन माइक होतं, म्हणजे नवख्यांनाही स्टेजवर जाऊन विनोद सांगता येतात तो कार्यक्रम. कोथरूडमधला छोटासा कॅफे, समोर वीसेक माणसं, वेळ फक्त पाच मिनिटं. हातातल्या कागदाची तिने इतक्यांदा घडी घातली होती की मधल्या ओळीतली शाईच पुसली गेली. पहिल्या विनोदाला कोणीच हसलं नाही. माझ्या पोटात गोळा आला! ती मात्र थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि पुढे बोलत राहिली. मग मागच्या टेबलावरून एक मोकळं हसू आलं आणि हळूहळू सगळेच हसायला लागले.

येताना रिक्षात तिला २००५ च्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'बद्दल सांगत होते. स्टार वनवर लागायचं, परीक्षक शेखर सुमन आणि सिद्धू. त्या वेळी आमची जेवणाची ताटं टीव्हीसमोर यायची. आपल्या विदर्भातला सुनील पाल जिंकला तेव्हा बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. राजू श्रीवास्तव जिंकले नाहीत, पण त्यांचं गजोधर हे पात्र घराघरांत पोचलं. तिसऱ्या पर्वात कपिल शर्मा जिंकला आणि चौथ्यात भारती सिंग आली. एकटी मुलगी स्टेजवर उभी राहून सगळ्यांना हसवते, हे आमच्या आजीने पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. किती कौतुकाने बघायची ती!

बाबांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "हसले का गं लोक?"

"शेवटची दोन मिनिटं हसले, आजोबा."

मग जेवता जेवता तिने पूर्ण पाच मिनिटं पुन्हा करून दाखवली.