आमची वाटचाल : आजचे नग आणि उद्याची पाळी

भोसरी एमआयडीसीतील भाड्याच्या गाळ्यात दोन सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथवर आम्ही वाहनांसाठी लागणाऱ्या पिन करू लागलो, तेव्हा कामगाराची पारख आमच्या लेखी एकाच प्रश्नाने होत असे : पाळीत नग किती काढले? कर्जाची आणि ऑर्डरींची कहाणी सगळ्याच लघुउद्योजकांची सारखी असते, म्हणून ती येथे उगाळत नाही.

आमचे डोळे उघडले ते कार्बाइड इन्सर्टमुळे, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या, बदलता येणाऱ्या छोट्या पात्यामुळे. एक ऑपरेटर कड घासत आली की ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) तपासून वेळीच ती बदलत असे आणि पुढच्या पाळीसाठी वहीत नोंद ठेवत असे. दुसरा मात्र तीच कड पार निकामी होईपर्यंत ओढत असे. दिवसाच्या आकड्यात दुसराच सरस ठरे, आणि मीही त्याचेच कौतुक करत असे. परंतु कड झिजली की पिनेचा बाहेरचा व्यास वाढतो, आणि त्याचे नग ‘गो’ रिंग गेजमध्ये (कमाल व्यास तपासणाऱ्या कड्यात) शिरत नाहीत, हे एक संपूर्ण लॉट ग्राहकाकडून परत आल्यावर ध्यानात आले.

पुढे एका प्रशिक्षणात फिलिप झिंबार्डो आणि जॉन बॉइड या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ सालच्या ५६ विधानांच्या प्रश्नावलीची ओळख झाली. माणूस भूतकाळात रमतो की त्यातच कुढतो, आजचे सुख पाहतो की सारे दैवावर सोडतो, की उद्याची आखणी करतो, हे तीत तपासले जाते. आमचा दुसरा ऑपरेटर दैववादी, असा शिक्का मी मनोमन मारूनही टाकला होता. वास्तविक त्याला आम्हीच सात महिन्यांच्या कंत्राटावर ठेवले होते. ज्याला दिवाळीनंतर आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने पुढच्या पाळीची काळजी का वाहावी?

आम्ही त्याला कायम केले आणि गुरुवारच्या सुट्टीआधी, बुधवारी संध्याकाळी, पुढील आठवड्याचे जॉब फळ्यावर लिहू लागलो. अर्थात केवळ उद्याचा विचार करणारी माणसेही पुरत नाहीत. मध्यंतरी ऐन पाळीत लेथचा स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा) बंद पडला, तेव्हा वहीवाला ऑपरेटर वेळापत्रक कोलमडले म्हणून हताश झाला. जॉब शेजारच्या मशिनवर चढवून डिस्पॅच सांभाळला तो या दुसऱ्यानेच.

गेल्या बुधवारी फळ्यावरचा खडू मी खाली ठेवण्यापूर्वीच त्याने विचारले, “साहेब, शुक्रवारच्या जॉबला इन्सर्ट पाच कमी पडतील, आजच मागवू का?”